पोकर आणि अव्वल खेळाडूंची मानसिकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोकरबद्दल लिहायला लागल्यापासून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एका ठिकाणी आणले आहेत. कोणती पानं मोठी, बोली कशी लागते, हे नियम इथे नाहीत. ते तुम्हाला येतात असं धरलं आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणं सगळी नो-लिमिट होल्डेमची आहेत, म्हणजे प्रत्येकाला दोन झाकलेली पानं, मध्ये सगळ्यांची पाच उघडी पानं आणि बोलीला मर्यादा नाही असा प्रकार.

१. पोकर म्हणजे शेवटी तीन पत्तीच ना? पानं चांगली आली तर जिंकायचं, नाहीतर हरायचं. यात मानसिकतेचा काय संबंध?

एका डावापुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. एका डावात कोणीही कोणालाही हरवू शकतं. पण होल्डेममध्ये बोलीच्या चार फेऱ्या असतात, म्हणजे एका डावात चार वेळा काहीतरी ठरवावं लागतं, आणि रात्रभरात असे शेकडो निर्णय होतात.

शिवाय चांगली पानं येतात तरी किती? एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा मिळते. हातात दोन वेगळी पानं असतील, तर फ्लॉपवर (मधली पहिली तीन पानं उघडल्यावर) तीनपैकी दोन वेळा साधी जोडीसुद्धा लागत नाही. म्हणजे टेबलावरचा बहुतेक वेळ सुमार पानांसोबतच जातो. नऊ जणांच्या टेबलावर बसलेला मुरलेला खेळाडू पाचातले जवळजवळ चार डाव सुरुवातीलाच टाकून देतो. दोन तास पानं टाकत बसायचं, कंटाळून उगाच एखाद्या डावात शिरायचं नाही, आणि त्या वेळात समोरचे कसे खेळतात ते पाहत राहायचं. मानसिकता म्हणतात ती इथून सुरू होते.

२. ‘निकाल पाहू नका, निर्णय पाहा’ असं सगळे व्यावसायिक म्हणतात. हरल्यावर मनाची समजूत घालायला हे ठीक आहे, पण याचा नेमका अर्थ काय?

हे समजूत घालण्यासाठी नाही. जिंकल्यावर हे वाक्य जास्त लागतं, आणि तिथेच आपण ते विसरतो.

समजा पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या रकमेत, १००० चिप्स आहेत. समोरच्याने उरलेल्या सगळ्या ५०० चिप्स लावल्या. तुमच्याकडे बदामाच्या फ्लशला (पाचही पानं बदामाची) एक पान कमी आहे आणि फक्त रिव्हर, म्हणजे मधलं शेवटचं पान, उघडायचा आहे. तुम्हाला ५०० घालून १५०० मिळवायचे आहेत, म्हणजे हा कॉल (समोरच्याइतकीच रक्कम घालणं) परवडायला शंभरात किमान २५ वेळा जिंकायला हवं. न दिसलेल्या ४६ पानांत तुमच्या कामाची ९ आहेत, म्हणजे शंभरात साधारण २० वेळा. कॉल चुकीचा आहे; असा प्रत्येक कॉल सरासरी शंभराहून थोड्या जास्त चिप्स खातो. आता रिव्हरला नेमकं बदाम आलं आणि पॉट तुमच्याकडे सरकला. कॉल बरोबर ठरला का? नाही. पाचातल्या एका वेळी असं होणारच होतं.

उलट बाजूही तशीच. एक्क्यांची जोडी विरुद्ध राजांची जोडी, दोघांचे सगळे पैसे फ्लॉपच्या आधी आत. एक्के शंभरात साधारण ८२ वेळा जिंकतात. उरलेल्या वेळी जो हरतो, त्याने काहीही चुकीचं केलेलं नसतं. असे तीन डाव ओळीने आले, तर तिन्ही जिंकण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या आसपास येते. त्यातला एखादा हरला म्हणून ‘माझ्याच बाबतीत असं का’ म्हणण्याजोगं काहीच घडलेलं नसतं.

अ‍ॅनी ड्यूक पोकरकडे वळण्याआधी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होत्या. निकालावरून निर्णयाची प्रत जोखण्याच्या या सवयीला पोकर खेळणारे ‘रिझल्टिंग’ म्हणतात, आणि तो शब्द टेबलाबाहेर लोकप्रिय करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. रोजच्या वापरासाठी माझी एकच सूचना: वही ठेवा, आणि डाव लिहिताना शेवटी कोण जिंकलं ते लिहूच नका. पानं, बोली, तुम्ही काय विचार केलात, एवढंच. आठवड्याने ती पानं उघडलीत की निकाल पुसट झालेला असतो आणि निर्णय नागडा दिसतो.

३. मी गेले तीन-चार महिने जिंकतोय. मी चांगला खेळाडू झालो का?

इतक्यात सांगता येत नाही. वाईट वाटेल, पण आकडे पाहा.

१०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड (डाव सुरू होताना सक्तीने लावायची ठरलेली रक्कम) कमावणारा खेळाडू चांगला मानला जातो. पण प्रत्येक १०० डावांतला चढउतार साधारण ९० ते १०० बिग ब्लाइंडचा असतो. हा हिशेब १०,००० डावांपर्यंत नेला, तर अपेक्षित कमाई ५०० बिग ब्लाइंड आणि चढउतार जवळजवळ १०००. म्हणजे खरोखर चांगला असलेला खेळाडूही १०,००० डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता दहात तीन आहे. तितक्याच सहज एखादा कच्चा खेळाडू तेवढ्या डावांनंतर फायद्यात दिसू शकतो.

आणि १०,००० डाव म्हणजे किती? समोरासमोरच्या टेबलावर तासाला साधारण ३० डाव होतात. वर्षातून चार वेळा गोव्याला जाऊन दरवेळी वीस तास खेळणाऱ्याचे वर्षाला २,४०० डाव होतात. त्याला तिथे पोचायला चार वर्षं लागतील. म्हणून व्यावसायिक महिन्याच्या जमाखर्चावरून स्वतःबद्दल मत बनवत नाहीत. त्यांचं मत वहीतल्या निर्णयांवरून बनतं (प्रश्न २).

४. टिल्ट म्हणजे राग येणं का? मला राग येत नाही, मग मला टिल्टची भीती नाही ना?

आहे. शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. चेंडू हवा तिकडे जावा म्हणून यंत्र जोरात हलवलं की त्यावर ‘टिल्ट’ दिसायचं आणि यंत्र खेळणं बंद करायचं. माणसाचं तसंच होतं, भावनेपायी नीट ठरवणं बंद पडतं, फक्त पाटी दिसत नाही.

मला स्वतःला राग येत नाही. काही वर्षांपूर्वी पणजीला मांडवीवरच्या एका कॅसिनोत माझ्या राजांच्या जोडीला एका गृहस्थांनी एक्का-नव्वीने हरवलं. मी हसून ‘छान खेळलात’ म्हणालो, पाणी प्यायलो, नवीन चिप्स घेतल्या. पुढच्या पाऊण तासात मी एरवी हातही लावला नसता अशी पानं घेऊन डावात शिरत गेलो. आवाज शांत होता, हात थरथरत नव्हता. डोक्यात मात्र एकच आकडा होता: गेलेली रक्कम. प्रत्येक डाव मी ती रक्कम वसूल करण्यासाठी खेळत होतो. दुसऱ्या दिवशी बसमध्ये वही लिहायला घेतली तेव्हा हे कळलं, आणि मला त्याची खरोखर लाज वाटली.

तर टिल्टची रूपं बरीच. राग हे एक. वसुली हे दुसरं. ‘हा नवशिका मला हरवतो म्हणजे काय’ हा दुखावलेला मान तिसरं. आणि सगळ्यात गोड रूप जिंकण्यातून येतं: दोन मोठे पॉट आले की आज आपलं काही चुकणारच नाही असं वाटू लागतं. प्रत्येकाचं लक्षण वेगळं असतं. कोणी भराभर कॉल करतो, कोणी बडबडतो, कोणी सारखा चिप्स मोजतो. तुमचं लक्षण कोणतं, ते तुमच्यासोबत नेहमी बसणाऱ्या माणसाला विचारा, त्याला तुमच्याआधी माहीत असतं.

व्यावसायिकांकडून दोन सवयी उचलण्यासारख्या आहेत. एक, किती हरल्यावर आणि किती तासांनी उठायचं हे बसण्याआधी ठरवायचं, बसल्यावर नाही. दुसरी एरिक साइडेल यांची. पोकरची सगळ्यात मानाची स्पर्धामालिका म्हणजे वर्ल्ड सिरीज. तिच्या १९८८ च्या मुख्य स्पर्धेत ते दुसरे आले आणि त्यानंतरची जवळजवळ चार दशकं ते वरच्या फळीत टिकून आहेत. मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या मारिया कोनिकोवा त्यांच्याकडे शिकायला गेल्या, तेव्हा दुर्दैवाने हरलेल्या डावांची गाऱ्हाणी ऐकायला त्यांनी नकार दिला. डावात कुठे काय ठरवायला हवं होतं हा प्रश्न असेल, तर बोलू, असं साइडेल यांचं म्हणणं. कोनिकोवांनी २०१८ मध्ये बहामातली एक मोठी स्पर्धा जिंकली. गाऱ्हाणं सांगून मन हलकं होतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तोच डाव आपण दहा वेळा पुन्हा हरतो.

५. बँकरोल किती असावा? मी पगारातून थोडे पैसे बाजूला काढतो, तो बँकरोलच ना?

गेला तर घरात कोणाचंही काही अडणार नाही, तेवढाच पैसा बँकरोल. भाडं, हप्ता, मुलांची फी यातलं काहीही त्यात नसतं.

शिस्तीचं चांगलं उदाहरण क्रिस फर्ग्युसन यांचं आहे. २००६ मध्ये त्यांनी शून्यातून सुरुवात केली. फुकट प्रवेशाच्या स्पर्धांमधून पहिले काही डॉलर मिळवले आणि दीड वर्षाच्या आसपास १०,००० डॉलरपर्यंत पोचले. नियम असे: रोख टेबलावर एकूण रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही, मोठ्या स्पर्धेत २ टक्क्यांहून जास्त घालायचे नाहीत, आणि टेबलावरची रक्कम एकूण रकमेच्या १० टक्क्यांवर गेली की उठायचं. वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकलेला माणूस काही सेंटच्या टेबलावर महिनोन् महिने बसतो, यात मला सगळ्यात जास्त शिकण्यासारखं वाटतं.

इथे एक गोष्ट लपवणं बरोबर नाही. त्याच फर्ग्युसन यांचा ज्या ऑनलाइन पोकर कंपनीशी संबंध होता, त्या फुल टिल्टकडे २०११ मध्ये खेळाडूंचे पैसे परत द्यायला पुरेशी रक्कम नव्हती आणि हजारो लोक वर्षानुवर्षं अडकले. नियम चांगला आहे, तो घ्या. माणसाला गुरू करायची गरज नाही.

६. ब्लफ करायला धाडस लागतं. ते कसं वाढवायचं?

ब्लफ म्हणजे नसलेली मोठी पानं असल्याचं भासवणं. त्यात धाडसापेक्षा तुमच्या बोलीतून दिसणारी गोष्ट जुळावी लागते. वर्ल्ड सिरीजच्या २००३ च्या मुख्य स्पर्धेत टेनेसीचे अकाउंटंट क्रिस मनीमेकर शेवटच्या दोघांत सॅम फार्हा यांच्यासमोर होते. मनीमेकरांकडे राजा-सत्ती, इस्पिकाचा फ्लश लागेल किंवा सरळ क्रम लागेल अशी आशा. फार्हांकडे नव्व्यांची जोडी, म्हणजे त्या क्षणी तेच पुढे. टर्नवर (मधलं चौथं पान उघडल्यावर) मनीमेकरांनी रेज केला, म्हणजे बोली वाढवली. रिव्हरला काहीच लागलं नाही, तरी त्यांनी सगळ्या चिप्स आत ढकलल्या. फार्हांनी बराच विचार करून पानं टाकली.

लोकांना शेवटचं ढकलणं आठवतं. मला टर्नवरचा रेज महत्त्वाचा वाटतो. फ्लश आधीच लागलेला माणूस जसा खेळला असता, तसेच ते टर्नपासून खेळले, म्हणून रिव्हरवरचं धाडस पटलं. ब्लफ करण्याआधी स्वतःला विचारा: माझ्याकडे खरंच मोठी पानं असती तर मागच्या दोन फेऱ्या मी अशाच खेळलो असतो का? उत्तर नाही असेल, तर समोरचा चांगला खेळाडू तुम्हाला पकडणार. आणि जो कधीच पानं टाकत नाही, त्याच्यापुढे ब्लफ करूच नका.

७. आता कॉम्प्युटरनेच पोकर सोडवलं आहे म्हणतात. मग मानसिकतेचं काय राहिलं?

सोडवलं म्हणणं जास्त होईल, पण माणसाला मागे टाकलं हे खरं. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांना २० दिवसांत, १,२०,००० डावांनंतर, १७ लाखांहून अधिक चिप्सनी हरवलं. दोन वर्षांनी ‘प्लुरिबस’ सहा जणांच्या टेबलावरही सरस ठरला.

त्या वीस दिवसांत चौघं रोज रात्री एकत्र बसून दिवसाचे डाव तपासत, प्रोग्रॅमची फट शोधत. तिकडे प्रोग्रॅमही रात्रीतून आपल्या फटी बुजवत असे. हरत असताना रोज रात्री तेच काम न चिडता करणं, हे मला त्या सामन्यात सगळ्यात मोठं वाटतं. आज अव्वल खेळाडू अशाच सॉफ्टवेअरसमोर बसून आपल्या चुका रोज पाहतात. मशीन टिल्ट होत नाही, तुम्ही होता. म्हणून प्रश्न ४ चं काम मशीनने कमी केलेलं नाही.

८. भारतात पैशाचं ऑनलाइन पोकर बंद झालं. आता हे शिकून उपयोग काय, आणि सराव कुठे करायचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्या कायद्यात केलेला नाही, त्यामुळे ‘पोकर कौशल्याचं आहे’ हा बचाव तिथे चालत नाही. बाहेरच्या देशातल्या साइटवर लपूनछपून खेळण्याचे मार्ग मला विचारू नका, मी सांगणार नाही. गोव्यातले कॅसिनो १९७६ च्या तिथल्या कायद्याखाली चालतात. खुद्द गोंयकारांना मात्र २०२० पासून तिथे खेळायला मनाई आहे. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी अमलातच आला नव्हता, तो २०२३ मध्ये रद्द झाला.

सरावासाठी पैसे लागत नाहीत. आमच्यात चौघं-पाचजण शनिवारी बिनपैशाचं खेळतो. तक्रार एकच असते, चिप्सची किंमत नसल्यामुळे कोणी मनापासून खेळत नाही. त्यावर आम्ही काढलेला उपाय: प्रत्येकाने रात्री दोन अवघड डाव लिहून आणायचे, बाकीच्यांनी निकाल न ऐकता आपला निर्णय सांगायचा. दोन महिन्यांत टेबलावरचं बोलणं बदललं.

९. नोकरी सोडून पोकर खेळू का?

नाही. मनीमेकरांनी ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळवला आणि ८३९ जणांत पहिले येऊन २५ लाख डॉलर जिंकले. ही गोष्ट ऐकून आजवर किती जणांनी नोकऱ्या सोडल्या असतील! त्यात उरलेले ८३८ दिसत नाहीत. भारतात वर आयकराचं गणित आहे: पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर, शिवाय उपकर, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. प्रश्न ३ मधले आकडे या करासोबत ठेवून पाहा.

१०. फिल हेल्म्युथ टेबलावर आरडाओरडा करतात, लोकांना नावं ठेवतात, तरी १७ ब्रेसलेट (वर्ल्ड सिरीजमधली स्पर्धा जिंकल्यावर मिळणारं कडं) जिंकले. मग शांत राहण्याचा उपदेश कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. हेल्म्युथ १९८९ मध्ये २४ व्या वर्षी मुख्य स्पर्धा जिंकले आणि २०२३ पर्यंत त्यांची १७ ब्रेसलेट झाली, इतकी दुसऱ्या कोणाकडेही नाहीत. पण त्यांचा आरडाओरडा नीट पाहा. तो बहुतेक वेळा डाव संपल्यावर असतो. पुढची पानं आली की ते पुन्हा पानं टाकायला तयार असतात. बहुतेकांचं उलट होतं: तोंड बंद असतं आणि राग चिप्समधून बाहेर पडतो.

तरी त्यांची नक्कल करू नका. उलट टोक पाहायचं तर चिप रीस हे खेळाडू. २००६ च्या ५०,००० डॉलर प्रवेशाच्या स्पर्धेत शेवटच्या दोघांचा सामना सात तासांहून जास्त चालला आणि ते जिंकले. शांत स्वभावासाठी त्यांचे समकालीन त्यांना मानत. माझ्या मते शिकणाऱ्याने त्यांच्याकडे पाहावं.

११. समोरच्याची चूक पकडणं हे कौशल्य, मग फसवणूक कुठे सुरू होते? पोकर खेळाडू फिल आयव्ही आणि कॅसिनो यांच्या खटल्यात आयव्ही यांचं बरोबर होतं की कॅसिनोचं?

त्यांचं प्रकरण पोकरचं नव्हतं, लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत २०१२ मध्ये खेळलेल्या पुंतो बांको या पत्त्यांच्या खेळाचं होतं. पानांच्या पाठीवरच्या नक्षीतला बारीक फरक ओळखता यावा म्हणून त्यांच्या साथीदाराने डीलरला काही पानं फिरवून ठेवायला लावली. शकुनाचं कारण पुढे केलं. सुमारे ७७ लाख पौंड जिंकले, कॅसिनोने दिले नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूकच ठरवली. आयव्ही यांना आपण फसवतोय असं मनापासून वाटत नव्हतं, हे मान्य करूनही. प्रामाणिकपणा सामान्य सभ्य माणसाच्या मापाने मोजायचा, खेळणाऱ्याच्या स्वतःच्या मापाने नाही, असं न्यायालय म्हणालं.

घरच्या टेबलावर याचा अर्थ सोपा आहे. शेजाऱ्याने पानं धरताना तुम्हाला दिसली, तर त्याला सांगा. तो ब्लफ करताना कान खाजवतो हे लक्षात आलं, तर सांगायची गरज नाही.

१२. ज्याच्यात उपजत प्रतिभा आहे, त्याला हे नियम लागतात का?

स्टू उंगर यांच्याइतका उपजत हुशार खेळाडू क्वचितच झाला. १९८० आणि १९८१ मध्ये ओळीने मुख्य स्पर्धा जिंकली. मग ड्रग्ज आणि घोड्यांवरच्या, खेळांवरच्या पैजा यांत सगळं गेलं. १९९७ मध्ये प्रवेशाचे १०,००० डॉलरही त्यांच्याकडे नव्हते. बिली बॅक्स्टर यांनी ते भरले आणि उंगर तिसऱ्यांदा जिंकले. बक्षीस १० लाख डॉलर, त्यातलं निम्मं बॅक्स्टर यांचं. नोव्हेंबर १९९८ मध्ये लास वेगासच्या एका मोटेलमध्ये ४५ व्या वर्षी ते वारले, तेव्हा हातात जवळजवळ काही उरलं नव्हतं. पोकरच्या टेबलावर त्यांना हरवणारे फार थोडे होते. टेबलावरून उठून ते कुठे जात, तिथे पैसा गेला.

१३. भाऊ पोकर ‘शिकतोय’ म्हणतो, पण मला ते व्यसन वाटतं. फरक कसा ओळखायचा?

हा प्रश्न बहुतेक वेळा घरातली माणसं पाठवतात, खेळणारा नाही. शिकणारा माणूस वही दाखवतो, हरलेली रक्कम विचारली तर सांगतो, ठरलेल्या वेळी उठतो. काळजीची लक्षणं अशी: रकमेबद्दल खोटं बोलणं, उधारी, गेलेले पैसे परत आणण्यासाठी खेळणं, बंद केल्यावर बेचैनी. यातली दोन जरी दिसली, तरी त्याच्याशी बँकरोलच्या नियमांवर वाद घालू नका. त्या टप्प्यावर प्रश्न ५ मधलं काहीही कामाचं नाही. पैशाचे व्यवहार काही काळ घरातल्या दुसऱ्या कोणाकडे घ्या आणि टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. भाऊ तयार नसेल, तर पहिला फोन तुम्ही करा.